वेगातली थरथर आणि झुलणे

मोटारसायकलचा तोल कमी वेगात चालवणाऱ्याला सांभाळावा लागतो आणि वेग वाढू लागला की ते काम बहुतांशी गाडीच स्वतःकडे घेते. ताशी दहा-पंधरा किमीने गर्दीतून वाट काढताना हँडल सतत इकडेतिकडे वळवावे लागते, पण ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे तेच हँडल हलक्या हाताने धरले तरी गाडी सरळ रेषेत धावते आणि छोट्या खड्ड्याने किंवा वाऱ्याच्या झोताने विचलित झाली तरी आपणहून सावरते. सावरण्याच्या या गुणालाच वेगातले स्थैर्य म्हणतात. मात्र ज्या बलांमुळे गाडी सावरते, तीच बले काही परिस्थितींत तिला झुलवूही शकतात. हे झुलणे दोन प्रकारचे असते, दोन्हींची कारणे वेगळी असतात आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्याला वाढवू शकतो. लांब पल्ल्याच्या, सामानाने भरलेल्या, मोठ्या काचेच्या टूरिंग मोटारसायकलींना ही गोष्ट सर्वांत जास्त लागू पडते आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्यांच्याच बाबतीत आढळतात.

कॅनडातील ओकव्हिल हे शहर या विषयासाठी चांगले निरीक्षणस्थळ आहे. ओंटारिओ सरोवराच्या काठी, टोरांटो आणि हॅमिल्टन यांच्या दरम्यान वसलेल्या या शहरातून क्वीन एलिझाबेथ वे हा १९३९ साली औपचारिकपणे खुला झालेला महामार्ग जातो, उत्तरेच्या बाजूने ४०७ क्रमांकाचा टोल महामार्ग जातो, आणि या दोन्ही रस्त्यांवर मोटारसायकलींना मोटारींच्या बरोबरीने प्रवेश आहे. महाराष्ट्रात स्थिती उलट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू या चारही ठिकाणी दुचाकींना मनाई आहे. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात पंधरा-वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही ताशी १०० किमीचा वेग तास-दीड तास अखंड धरण्याचा अनुभव क्वचितच असतो. घाट, गतिरोधक, ट्रॅक्टर आणि गावे यांमुळे वेग सतत तुटत राहतो. असा माणूस ओकव्हिलला स्थायिक होऊन नायगाराकडे निघाला, की पहिल्या अर्ध्या तासातच तो वेगाच्या अशा पट्ट्यात जातो जिथे त्याची शहरी कौशल्ये पुरत नाहीत. ओंटारिओच्या परवाना पद्धतीत याची दखल घेतलेली दिसते. एम१ हा शिकाऊ परवाना हाती असताना अशा द्रुतगती महामार्गांवर, रात्रीच्या वेळी किंवा मागे कुणाला बसवून मोटारसायकल चालवता येत नाही, आणि किमान ६० दिवसांनंतर चाचणी देऊनच एम२ या पुढच्या पायरीवर जाता येते.

दोन प्रकारच्या आंदोलनांपैकी पहिल्याला वॉबल म्हणतात. यात पुढचे चाक, चिमटा आणि हँडल एवढाच भाग आपल्या आसाभोवती डावीकडे-उजवीकडे वेगाने थरथरतो आणि बाकीची गाडी जवळजवळ सरळ चाललेली असते. सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा, म्हणजे सहा ते दहा हर्ट्झ वारंवारतेने, ही थरथर होते. दुसऱ्याला वीव्ह म्हणतात. त्यात सगळी गाडी एकदम भाग घेते: ती एका बाजूला कलते, तिचे तोंड वळते, मागचा भाग विरुद्ध बाजूला सरकतो आणि मग हेच दुसऱ्या बाजूने घडते, त्यामुळे मागून पाहणाऱ्याला गाडी नागमोडी जाताना दिसते. वीव्हची वारंवारता सेकंदाला दोन ते चार आवर्तने इतकी मंद असते. हँडल दोन्हींतही हलते, म्हणून चालवणारे दोन्हींना सरसकट ‘वॉबल’ म्हणून मोकळे होतात, आणि निदान चुकल्यामुळे इलाजही चुकतो. गॅरेजमध्ये नेमके सांगायचे असेल, तर हँडल हातातून निसटेल इतक्या जलद थरथरत होते की मागचा भाग संथपणे झुलत होता, हे आठवणे बाकी कोणत्याही तपशिलापेक्षा महत्त्वाचे असते.

या विषयाचे गणित सव्वाशे वर्षांचे आहे. १८९९ साली केंब्रिजमध्ये फ्रान्सिस व्हिपल याने सायकलच्या गतीची समीकरणे मांडली आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमान्युएल कार्व्हालो यानेही स्वतंत्रपणे तेच काम केले. त्या समीकरणांतून दिसले की विशिष्ट वेगाच्या पट्ट्यात सायकल कुणी न धरताही उभी राहू शकते. पण मोटारसायकलीच्या वेगांना व्हिपलचे गणित पुरेसे नव्हते, कारण त्यात चाके कडक, पातळ चकत्यांसारखी धरली होती आणि ती बाजूला मुळीच घसरत नाहीत असे मानले होते. खऱ्या टायरची गोष्ट गणितात आणली ती ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प याने, १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात. गाडी हळूहळू एका बाजूला कोसळत जाण्याची प्रवृत्ती, वीव्ह आणि वॉबल या तीन गतिप्रकारांना त्याने दिलेली मांडणी आजही अभ्यासक वापरतात. शार्पच्या निबंधातील सर्वांत मोलाचा भाग असा, की टायर बाजूचे बल उत्पन्न करायला थोडा उशीर लावतो हे गणितात घेतल्याशिवाय वॉबल नीट दिसतच नाही.

हा उशीर म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी ट्रेल समजून घ्यावा लागतो. मोटारसायकलचा चिमटा उभा नसून मागे झुकलेला असतो. ज्या आसाभोवती हँडल वळते तो आस काल्पनिक रेषेने खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागतो तो बिंदू टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागाच्या थोडा पुढे असतो, आणि या दोहोंमधील अंतराला ट्रेल म्हणतात. आधुनिक मोटारसायकलींत तो साधारणपणे ९० ते १२० मिमी असतो. २००१ साली आलेल्या होंडा गोल्ड विंग जीएल१८०० या प्रसिद्ध टूरिंग गाडीत तो १०९ मिमी होता. टेकलेला भाग आसाच्या मागे असल्यामुळे चाक थोडे वळले की जमिनीकडून येणारे बाजूचे बल त्याला पुन्हा सरळ करते. ट्रेल आणि फिरत्या चाकाचा घूर्णी परिणाम हीच स्थैर्याची कारणे आहेत, असे बरीच वर्षे मानले जात असे. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ साली मात्र या दोन्ही परिणामांशिवाय सावरणारी एक सायकल बांधून दाखवली, आणि वस्तुमान कुठे वाटलेले आहे याचाही स्थैर्याशी तितकाच जवळचा संबंध आहे हे प्रस्थापित केले. टूरिंग गाडीवर सामान कुठे बांधायचे या प्रश्नाला त्यातून जे वजन येते ते पुढे दिसेल.

टायर हे रबर आणि धाग्यांचे लवचीक कवच आहे. चाक वळल्याबरोबर बाजूचे बल पूर्णपणे उभे राहत नाही. टायरचे कवच आधी पिळले जाते आणि चाकाने आणखी काही अंतर, साधारणतः दहा ते तीस सेंटिमीटर, कापल्यावर ते बल पुरते लागू होते. चाक सरळ करणारे बल असे नेहमी थोडे उशिरा येते, म्हणजे चाक मध्यभागी परतून पलीकडे निघाले तरी ते त्याला त्याच दिशेने ढकलत राहते. झोपाळा परत निघण्याच्या क्षणी कुणी दर वेळी हलकासा धक्का देत राहिले तर झोका वाढत जातो, तसेच येथे घडते. धक्का देणारा येथे टायर असतो आणि धक्क्याची ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या वेगातून येते. पुढच्या चाकापुरत्या मर्यादित सोप्या गणितात असे दिसते, की बल पुरते लागू व्हायला लागणारे अंतर ट्रेलपेक्षा जास्त असेल तर टायर आंदोलन शमवण्याऐवजी वाढवू लागतो. विमानाच्या पुढच्या चाकाला होणारी थरथरही याच जातीची आहे, आणि डेल्फ्टच्या हान्स पासेयका याने १९६६ साली आपल्या प्रबंधात चाकांच्या या वागण्याचे सविस्तर विश्लेषण केले होते.

वाढणाऱ्या या आंदोलनाला आळा घालणारे दोन घटक गाडीतच असतात. हेडस्टॉकमधील बेअरिंगचे, म्हणजे आपल्याकडे गॅरेजात ज्याला कोनसेट म्हणतात त्याचे, घर्षण हा एक, आणि हँडलवर विसावलेले चालवणाऱ्याचे हात हा दुसरा. टायरचा हा खोडसाळपणा ठरावीक पट्ट्यात अधिक जाणवतो, आणि चिमटा व चौकट किंचित लवचीक असल्याचे गणितात घेतले की तो पट्टा मध्यम वेगांकडे सरकतो. ताशी १०० किमीवरून थ्रॉटल सोडून गाडी हळू होत असताना ताशी ८० ते ६० किमीच्या दरम्यान अनेक जड टूरिंग गाड्यांचे हँडल, त्यावरून दोन्ही हात उचलले तर, थरथरू लागते ते यामुळेच. हात टेकवले की ती थरथर लगेच थांबते, आणि म्हणूनच कित्येक मालकांना ती आपल्या गाडीत आहे हे वर्षानुवर्षे कळत नाही. ती थांबते याचा अर्थ गाडी निर्दोष आहे असा नसून हात त्या दोषावर पांघरूण घालत आहेत असा असतो, आणि हातमोजे बदलण्यासाठी किंवा हेल्मेटची काच नीट करण्यासाठी हँडल मोकळे सोडणे यासाठीच धोक्याचे आहे.

हात आवर घालतात म्हणून वॉबल सुरू झाल्यावर हँडल आवळून धरावे, असा निष्कर्ष स्वाभाविक वाटतो. पण तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे साध्या अंकगणिताने दाखवता येते. आठ हर्ट्झच्या वॉबलमध्ये एक पूर्ण आवर्तन सेकंदाच्या आठव्या भागात संपते. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर, तेव्हा एका आवर्तनात गाडी जेमतेम साडेतीन मीटर पुढे जाते. माणसाला एखादी हालचाल जाणवून तिला उलटा प्रतिसाद द्यायला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, म्हणजे त्याची दुरुस्ती हँडलापर्यंत पोहोचते तेव्हा दीड-दोन आवर्तने होऊन गेलेली असतात आणि ती दुरुस्ती योग्य दिशेला पडेल की चुकीच्या, हा निव्वळ योगायोग उरतो. शिवाय ताठ केलेले हात शरीराचे हेलकावे सरळ हँडलात पोहोचवतात. सैल कोपरांचे हात ऊर्जा शोषतात, ताठ हात ती परत करतात. गुडघ्यांनी टाकी धरून धडाचा आधार तिथे घ्यावा आणि हँडलावर हात नुसते विसावू द्यावेत, ही जी शिकवण प्रशिक्षक देतात तिच्यामागे हे कारण आहे.

वीव्हची गोष्ट निराळी आहे. त्याची वारंवारता वेगाबरोबर वाढत जाते, आणि एका मर्यादेपुढे वेग जितका जास्त तितके ते आंदोलन शमायला जास्त वेळ लागू लागतो. चांगल्या स्थितीतील, रिकाम्या गाडीत ते ताशी दीडशेच्या खाली सहसा त्रास देत नाही, आणि ओंटारिओमध्ये ताशी १५० किमी किंवा त्याहून अधिक वेगाने जाणे हे कायद्याने ‘स्टंट ड्रायव्हिंग’ ठरते, ज्यात जागच्या जागी ३० दिवस परवाना निलंबित होतो आणि गाडी १४ दिवसांसाठी जप्त होते. तेव्हा कायद्यात राहणाऱ्याला वीव्हची चिंता नको, असे वरवर वाटू शकते. पण रिकाम्या गाडीवरून काढलेली ही मर्यादा भरलेल्या गाडीला लागू होत नाही. मागच्या आसाच्याही मागे बांधलेला टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंचे पॅनिअर, मागे बसलेली व्यक्ती आणि तिच्या पाठीवरची सॅक यांमुळे गुरुत्वमध्य मागे आणि वर सरकतो, पुढच्या चाकावरचा भार हलका होतो, आणि गाडीला उभ्या आसाभोवती वळवण्यास विरोध करणारे जडत्व वाढते. या तिन्ही बदलांनी वीव्ह शमण्याचा वेळ वाढतो आणि ज्या वेगाला तो जाणवू लागतो तो वेग खाली येतो. पॅनिअर किंवा टॉप बॉक्स लावल्यावर ताशी १३० किमीच्या आसपासची मर्यादा पाळावी, अशी सूचना काही उत्पादक देतात ती याच कारणाने, आणि ती बॉक्सच्या झाकणाच्या मजबुतीबद्दल आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. होंडाची एसटी१३०० ही टूरिंग मोटारसायकल तेथील अनेक पोलीस दलांच्या सेवेत होती, आणि पोलिसांच्या गाडीवर मागच्या बाजूला रेडिओ, दिवे आणि उपकरणांचे बॉक्स यांचा मोठा भार असतो. एका पोलिसाचा अशा गाडीवर मृत्यू झाल्यानंतर वेगातील वीव्हचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००७ साली कित्येक दलांनी ही गाडी वापरातून काढली. खासगी मालकांपैकी बहुतेकांनी तीच गाडी वर्षानुवर्षे विनातक्रार चालवली होती. स्थैर्य हा केवळ मॉडेलचा गुण नसतो. मॉडेल, भार, टायर, वेग आणि चालवणारा यांच्या एकत्र जुळणीचा तो गुण असतो, आणि यांतली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलू शकते.

आता स्टिअरिंग डॅम्परकडे वळता येईल. हे हँडल आणि चौकट यांच्यामध्ये बसवलेले, तेलाच्या प्रतिकाराने हँडलाची हालचाल मंद करणारे उपकरण असते, आणि वॉबलवर ते निःसंशय परिणामकारक असते. १९९७ साली सुझुकी टीएल१००० एस या गाडीला ते उत्पादकाने परत बोलावून बसवून दिले होते. त्यावरून असा समज रूढ झाला की डॅम्पर म्हणजे स्थैर्य, आणि जितका कडक डॅम्पर तितकी निर्धोक गाडी. शार्पच्या १९७१ च्या गणिताने हा समज आधीच खोडून काढला होता. कडक डॅम्परने वॉबल शमतो, पण जास्त वेगात वीव्ह बळावतो, कारण वीव्हमधून सावरण्यासाठी पुढच्या चाकाला आपणहून झटकन वळण्याची जी मोकळीक लागते तीच डॅम्पर हिरावून घेतो. भरलेल्या टूरिंग गाडीला, जिचा मुख्य धोका वीव्ह हा आहे, बाजारातला कडक डॅम्पर बसवणे हा म्हणून अविचार ठरू शकतो. कोनसेट गरजेपेक्षा घट्ट आवळल्यानेही हेच होते: थरथर जाते आणि तिच्या जागी सरळ रस्त्यावर गाडीचे संथ भरकटणे येते.

ही कोंडी फोडण्याचे दोन मार्ग निघाले. होंडाने २००४ च्या सीबीआर१०००आरआर या गाडीवर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर आणला, जो वेग आणि प्रवेग पाहून आपला प्रतिकार कमी-जास्त करतो. दुसरा मार्ग लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातील सायमॉस एव्हांजेलू आणि डेव्हिड लाइमबीअर, रॉबिन शार्प आणि केंब्रिजचे माल्कम स्मिथ यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवला. स्मिथ यांनी काही वर्षांपूर्वी ‘इनर्टर’ नावाचा एक यांत्रिक घटक मांडला होता, ज्याच्या दोन टोकांमधील बल त्या टोकांच्या सापेक्ष प्रवेगाच्या प्रमाणात असते. मॅकलॅरेनने तो २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत वापरला. स्प्रिंग, डॅम्पर आणि इनर्टर यांची योग्य जुळणी हँडलाला लावली तर ती वॉबलच्या जलद वारंवारतेला एक आणि वीव्हच्या मंद वारंवारतेला दुसरा प्रतिसाद देऊ शकते, आणि दोन्ही आंदोलने एकाच वेळी शमवता येतात, हे या संशोधकांनी गणिताने सिद्ध केले. एवढ्या जुन्या विरोधाला इतके नेटके यांत्रिक उत्तर मिळणे हा या शास्त्रातील खरोखर देखणा प्रसंग आहे.

ओकव्हिलच्या रस्त्यांवर या सिद्धांताची कसोटी लागते ती सर्वप्रथम वाऱ्याशी. शहरातून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच वेळात बर्लिंग्टन स्कायवे लागतो. हॅमिल्टन बंदराच्या तोंडावरून क्वीन एलिझाबेथ वे पलीकडे नेणारा हा पूल १९५८ साली खुला झाला, त्याच्या शेजारचा जोड पूल १९८५ साली, आणि जहाजे खालून जावीत म्हणून रस्ता पाण्यापासून ३५ मीटरहून अधिक उंच नेलेला आहे. एका बाजूला अथांग सरोवर, दुसऱ्या बाजूला बंदर, वाऱ्याला अडवणारे काहीही नाही आणि शेजारच्या मार्गिकेत लांबच लांब ट्रेलर, अशी ही जागा आहे. वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि समोरून आदळणारी हवा मोठ्या काचेवरून व छातीवरून गाडीला मागे रेटताना पुढचे चाक हलके करते. काच आणि आवरण कशावर बसवले आहे यालाही फार महत्त्व आहे. ते चिमट्यावर बसवलेले असेल, जसे हार्ली-डेव्हिडसनचे १९६९ पासून ओळखीचे झालेले वटवाघळाच्या पंखांसारखे आवरण, तर वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट हँडलात येतो आणि हँडलासह फिरणाऱ्या भागाचे जडत्वही वाढते. चौकटीवर बसवले तर तोच हिसका सगळ्या गाडीत वाटला जातो. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आणलेल्या आर१०० आरएसचे संपूर्ण आवरण पवनबोगद्यात घडवले होते, ते चौकटीवरच होते, आणि पुढच्या चाकावरची हवेची उचल घटवणे हा त्याचा एक जाहीर हेतू होता. ट्रेलरच्या मागून बाहेर पडताना गाडीला बसणारा धक्का म्हणजे वॉबल नव्हे. तो धक्का एकदाच येतो आणि निरोगी गाडी त्यातून दोन-तीन हेलकाव्यांत बाहेर येते. हेलकावे मोजले तर गाडीची प्रकृती कळते.

४०७ महामार्गाची गोष्टही अशीच गैरसमजाची आहे. तो काँक्रीटचा आहे, आणि काँक्रीटवर पाणी निचरावे म्हणून जे बारीक चर ठेवतात ते गाडीच्या दिशेने असले तर टायरच्या नक्षीची उभी खाच त्यांत अडकत-सुटत जाते आणि हँडल बोटभर इकडेतिकडे खेळत राहते. हे अस्वस्थ करणारे असले तरी निरुपद्रवी असते, कारण ते रस्ता संपताच थांबते आणि वाढत जात नाही. वाढत जाणे हेच धोक्याचे लक्षण आहे.

टायरच्या बाबतीत ओंटारिओचे दोन विशेष आहेत. तेथील महामार्ग सपाट आणि सरळ असल्यामुळे टायर मधोमध झिजतो आणि त्याची गोलाई जाऊन चौकोनी कडा तयार होतात. अशा टायरची गाडी उभी असताना एक वागते आणि थोडी कलली की एकदम दुसरे, आणि वीव्हला त्याने आमंत्रणच मिळते. सह्याद्रीच्या घाटांत चालणाऱ्या गाडीचे टायर कडेलाही झिजतात, त्यामुळे हा दोष तिथे उशिरा दिसतो. दुसरा विशेष हिवाळ्याचा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बहुतेक मोटारसायकली गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या असतात, त्या काळात हवा हळूहळू निघून जाते आणि टायर एकाच जागी दबून राहतो. शिवाय तापमान उतरले की दाबही उतरतो. ३६ पीएसआय हवा २० अंश सेल्सिअसच्या उबदार गॅरेजात भरली आणि गाडी शून्य अंशाच्या सकाळी बाहेर काढली, तर काहीही गळती नसताना दाब सुमारे साडेतीन पीएसआयने कमी भरतो. कमी दाबाच्या टायरचे कवच अधिक पिळते, बाजूचे बल आणखी उशिरा येते, आणि वॉबलच्या मुळाशी असलेला दोष नेमका वाढतो. चाकण येथील बजाजच्या कारखान्यात बनून उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या हलक्या गाडीवर असा फरक अधिक लवकर जाणवावा, कारण तिच्यावर लादलेले सामान तिच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने फार मोठे ठरते.

तेरा तारखेला शुक्रवार आला की ओंटारिओभरच्या मोटारसायकली ईरी सरोवराकाठच्या पोर्ट डोव्हर या छोट्या गावी जमतात. १९८१ साली सुरू झालेली ही प्रथा आता हजारोंचा मेळावा झाली आहे. ओकव्हिलहून तिथे जायला द्रुतगती महामार्ग आणि मग दुपदरी रस्ता असा दोन्ही प्रकारचा प्रवास करावा लागतो, आणि वर्षातून एकदाच लांब जाणारे कित्येक जण याच दिवशी, तंबू आणि पिशव्या मागच्या सीटवर रचून, बाहेर पडतात. सामानाची जड वस्तू टँक बॅगेत किंवा पॅनिअरच्या तळाशी पुढच्या बाजूला, हलकी वस्तू टॉप बॉक्समध्ये, दोन्ही बाजूंचे वजन सारखे, आणि मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते प्रमाण, भारानुसार वाढवलेला, एवढे केले तरी वीव्हची बहुतेक शक्यता मावळते. प्रीलोड न वाढवल्यास गाडी मागे बसते आणि पुढचा चिमटा आणखी कलून भूमितीच बदलून जाते. हेडलाइटचा झोत वर गेलेला दिसतो तेव्हा हेच घडलेले असते.

आंदोलन प्रत्यक्ष सुरू झाले तर काय करावे, याबाबत संशोधन आणि अनुभव बहुतांशी एका मताचे आहेत. पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. त्याने सगळा भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होते, आणि लाइमबीअर, शार्प व एव्हांजेलू यांनी २००१ साली दाखवल्याप्रमाणे ब्रेक लावताना वॉबल शमण्याची प्रवृत्ती लक्षणीयरीत्या कमी होते. थ्रॉटल हळूहळू मिटावा, टाकी गुडघ्यांनी धरावी, धड पुढे झुकवून टाकीजवळ आणावे, म्हणजे पुढच्या चाकावर थोडा भार येतो आणि छातीवरचा वारा कमी होतो, हातांची पकड सैल ठेवावी आणि वेग आपणहून उतरू द्यावा. वीव्ह वेग उतरताच विरतो. वॉबल मात्र उतरत्या वेगात त्या ६० ते ८० किमीच्या पट्ट्यातून जाताना क्षणभर पुन्हा डोके वर काढू शकतो, तेव्हा त्याने दचकून ब्रेक आवळू नये.

नंतर गाडी गॅरेजमध्ये नेली की तपासणीचा क्रम स्वस्त गोष्टीकडून महागड्या गोष्टीकडे असावा. आधी दोन्ही टायरची थंड अवस्थेतील हवा आणि मधली झीज, मग पुढच्या चाकाचे बॅलन्सिंग आणि रिम, मग पुढचे चाक उचलून कोनसेटमध्ये खेळ आहे का किंवा हँडल मध्यावर अडखळते का हे पाहणे, मग स्विंगआर्मच्या बुशा आणि चाकाचे बेअरिंग, मग चौकट व चिमट्याची सरळता. मध्यावर अडखळणारे हँडल म्हणजे बॉल बेअरिंगच्या कड्यांवर खळगे पडल्याची खूण असते. जड टूरिंग गाड्यांचे अनेक मालक अशा वेळी शंकूच्या आकाराच्या रोलरचे बेअरिंग बसवून घेतात, कारण ते भार अधिक पृष्ठभागावर वाटते आणि त्याचे किंचित जास्त असलेले घर्षण उतरत्या वेगातील थरथर बहुधा घालवते. मात्र ते बसवताना उत्पादकाने दिलेल्या मापानेच आवळावे, कारण त्यापुढची प्रत्येक पाव फेरी वॉबलकडून काढून घेतलेले अस्थैर्य वीव्हच्या खात्यात जमा करत जाते.